दारातील वाहन : नाशिक जिल्ह्यातील निवडीची कारणे

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळी गेले असता प्रथम नजरेस पडतात ती वाहने. कांदा त्यानंतर दिसतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या, पिकअप गाड्या, मधूनच एखादी जुनी जीप अशा रांगा लागलेल्या असतात. सुट्या कांद्याचा लिलाव वाहनातच होतो. व्यापारी आणि समितीचे कर्मचारी एकेका वाहनापाशी येतात, माल पाहतात, बोली होते आणि सारा घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. वाहन येथे केवळ माल आणण्याचे साधन नसते, तर काही तासांपुरते ते शेतकऱ्याचे दुकानच असते. भाव पटला नाही तर माल परत नेण्याची किंवा विंचूर, पिंपळगाव बसवंत, चांदवड यांपैकी दुसरा बाजार गाठण्याची मुभा त्याला असते. परंतु ही मुभा खरी ठरते ती वाहन स्वतःचे असेल तरच. भाड्याच्या गाडीचा मालक दुसऱ्या फेरीचे भाडे मागतो, आणि मग पडेल त्या भावाला माल द्यावा लागतो.

मोटारगाडी कोणती घ्यावी, या प्रश्नाकडे सामान्यतः हौसेचा किंवा ऐपतीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. नाशिकसारख्या जिल्ह्यात मात्र त्याचे उत्तर रस्ता, पीक, बाजार आणि दुरुस्तीची सोय यांत शोधावे लागते. जिल्ह्याची रचनाच त्याला कारण आहे. पश्चिमेकडे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे डोंगराळ व अतिपावसाचे तालुके आहेत. मधोमध दिंडोरी आणि निफाड हा द्राक्षे, टोमॅटो व कांद्याचा बागाईत पट्टा आहे, तर पूर्वेस येवला, नांदगाव, मालेगाव हा कमी पावसाचा सपाट मुलूख. त्यात नाशिक शहर व सातपूर, अंबड, सिन्नर येथील औद्योगिक वसाहती. एकाच जिल्ह्यात चार प्रकारची गिऱ्हाइके आहेत आणि चौघांची कारणे वेगळी आहेत.

जीपचा वारसा

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण महाराष्ट्राने जवळून पाहिलेली मोटारगाडी म्हणजे बहुधा जीप होय. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलिस कंपनीच्या जीपची जुळणी मुंबईत १९४७ च्या सुमारास सुरू केली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि गट विकास अधिकाऱ्याच्या हाती जीप आली. प्राथमिक आरोग्य केंद्रांना ‘युनिसेफ’कडून मिळालेल्या जीपगाड्याही अनेकांच्या स्मरणात आहेत. साहेब, डॉक्टर आणि निवडणुकीतील उमेदवार हे तिघेही जीपमधून येत असल्यामुळे जीप म्हणजे अधिकार, अशी एक समजूत गावोगाव रुजली. ती पुसली गेली आहे असे आजही म्हणता येणार नाही.

तथापि शेतकऱ्याने जीप पसंत केली ती या समजुतीपोटी नव्हे. जमिनीपासून उंच असलेला सांगाडा ओढ्यानाल्यांतून आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून अडकत नाही. लोखंडी पाटे ओझे सहन करतात आणि एखादा तुटलाच तर तालुक्याच्या गावचा मिस्त्री तो बदलून देतो. सरकारी खात्यांनी निर्लेखित केलेल्या जीपगाड्या लिलावात स्वस्त मिळत. १९८० नंतरच्या काळात फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेले डिझेल इंजिन जीपमध्ये आले, तेव्हा पेट्रोलच्या खर्चामुळे मागे राहिलेला मोठा वर्ग तिच्याकडे वळला. कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स या दोन गाड्यांनी तर ‘काळी-पिवळी’ या नावाने प्रवासी वाहतुकीचे एक जाळेच उभे केले. जेथे एसटीची फेरी दिवसातून दोनदा, तेथे ही गाडी भरली की सुटणारी.

नाशिककरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. महिंद्र कंपनीचा सातपूर येथील कारखाना आणि इगतपुरीचा इंजिन कारखाना यांमुळे ही गाडी जिल्ह्यातच तयार होऊ लागली. २००० मध्ये आलेली बोलेरो आणि २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ या दोन्ही गाड्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. डिझेल इंजिनाला लागणारे नोझल व इंजेक्टर बनविणारा ‘मायको’चा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखानाही याच शहरात आहे, शहरातील एका चौकाला आजही लोक मायको सर्कल म्हणूनच ओळखतात. या उद्योगांभोवती सुटे भाग बनविणारे लहान कारखाने वाढले. कारखान्यात शिकलेला कारागीर पुढे स्वतःचे गॅरेज काढतो, हा क्रमही ओघानेच आला. ज्या गाडीचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि जिचे इंजिन गावच्या पोराला उघडता येते ती गाडी घ्यावी, हे गणित मग कोणी शिकवावे लागत नाही. बोलेरोला जुन्या बाजारातही चांगली किंमत येते, ती याच कारणामुळे. अडीअडचणीला विकता येणारी वस्तू म्हणून शेतकरी कुटुंब तिच्याकडे पाहते, काहीसे दागिन्यासारखे.

रंगाबद्दल येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पांढऱ्या गाड्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. पांढरा रंग उन्हात कमी तापतो आणि विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते, अशी कारणे दिली जातात व ती खरीही आहेत. पुढाऱ्याची गाडी पांढरी असते, हे तिसरे कारण सहसा बोलून दाखविले जात नाही.

शहरातील पगारदार

नाशिक शहरातील कहाणी वेगळी आहे. सरकारी मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना, बँका, विमा कार्यालये आणि सातपूरचे कारखाने यांतील पगारदार माणसाचे पहिले वाहन सायकल आणि दुसरे स्कूटर असे. पुण्याच्या बजाजची स्कूटर नोंदविल्यानंतर ती हाती येईपर्यंत कित्येक वर्षे लोटत. मोटार ही डॉक्टर, वकील आणि व्यापारी यांची बाब होती. निवडीलाही फारसा वाव नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणारी अँबेसिडर या दोहोंपैकी एक. जागा ऐसपैस हवी त्याने अँबेसिडर घ्यावी आणि पेट्रोलचा हिशेब ठेवावा लागतो त्याने फियाट, एवढाच विचार असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हा विचारच बदलला. ७९६ घन सेंटीमीटरचे लहान इंजिन, थंडीत चटकन चालू होणारी, गल्लीत मावणारी आणि वारंवार गॅरेज न दाखवणारी ही गाडी शासकीय अधिकारी, प्राध्यापक व अभियंते यांच्या आवाक्यात आली. शासकीय कर्मचाऱ्यांना मिळणारे वाहन अग्रिम आणि बँकांची कर्जे यांचाही त्यास हातभार लागला. मारुतीची निवड करताना लोक प्रथम विचारीत ते ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हे. हा प्रश्न इतका रूढ झाला की आज दहा-बारा लाखांच्या गाडीविषयीही तोच पहिल्याने विचारला जातो. मारुती ८०० आणि अँबेसिडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी त्याआधीच गेली होती.

इंधनाच्या बाबतीत मात्र जुना हिशेब आता चालत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पेट्रोल व डिझेल यांच्या किमतींतील मोठी तफावत कमी झाली आणि १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ मानके लागू झाल्यावर लहान डिझेल मोटारी जवळजवळ नाहीशा झाल्या. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरील एकरकमी कराचा दरही पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक आहे. वर्षाला फार प्रवास न करणाऱ्या शिक्षकाने केवळ वडिलांच्या काळचा सल्ला म्हणून डिझेल गाडी घेणे आता तोट्याचे ठरते. नाशिक शहरात अलीकडच्या वर्षांत वाहनांसाठी नैसर्गिक वायू मिळू लागल्यामुळे रोज दूरवर जाणारे नोकरदार त्या गाड्यांकडे वळले आहेत. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ मात्र कोणी हिशेबात धरीत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा : खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. शासकीय वाहनांना तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणच मिळत नाही. सरकारी लिलावातून चालती जीप घेऊन ती आणखी वीस वर्षे वापरण्याचा काळ त्यामुळे संपला.

पिकअप : शेताचे चौथे चाक

२००५ मध्ये टाटा कंपनीने ‘एस’ हे पाऊण टन क्षमतेचे छोटे मालवाहू वाहन बाजारात आणले. लोकांनी त्याचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. त्यापेक्षा अधिक ओझे नेणाऱ्या पिकअप गाड्याही याच सुमारास वाढल्या. नाशिकच्या बागाईत पट्ट्यात या वाहनांनी घडविलेला बदल कोणत्याही प्रवासी मोटारीपेक्षा मोठा आहे. टोमॅटोचा खुडा दुपारी संपतो आणि पिंपळगावच्या बाजारात तो त्याच दिवशी पोहोचवावा लागतो. द्राक्षाचे क्रेट हादऱ्यांनी खराब होतात. मोठ्या ट्रकला मळ्याच्या रस्त्यावर वळण मिळत नाही, ट्रॅक्टर महामार्गावर संथ पडतो. शेतापासून बाजारापर्यंत एका दमात जाणारे, दीड टनाच्या आसपास माल नेणारे आणि परतताना खताच्या गोण्या व किराणा आणणारे वाहन म्हणून पिकअपची निवड झाली. ती घेण्याचा विचार जेव्हा होतो तेव्हा घरात ‘मोटार घ्यावी की पिकअप’ असा प्रश्न असतोच. पुष्कळदा पिकअप जिंकते, कारण ती हप्ता कमावते आणि मोटार हप्ता खाते.

परंतु हप्त्यांच्या बाबतीत एक विसंगती राहून जाते. कर्जाचा हप्ता दरमहा असतो. शेतीचे उत्पन्न मात्र वर्षातून एकदा किंवा दोनदा येते. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिल या काळात हाती येतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी दारात येते. पुढच्या हंगामात गारपीट किंवा अवकाळी पाऊस झाला, तर भाड्याच्या फेऱ्या करूनच हप्ता भागवावा लागतो. स्वतःच्या मालासाठी घेतलेली गाडी अशा रीतीने भाड्याची होते. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते बांधून मिळतात. वाहनासाठीही तशी सोय देणारी संस्था आहे का, हे कर्जाचे कागद करण्यापूर्वी विचारून पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. विक्रेत्याच्या टेबलावर बसल्यानंतर हा प्रश्न सुचत नाही.

हौद्यातील माणसे

पिकअपच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत कमी बोलले जाते. या गाडीतून माल जातो तशी माणसेही नेता येतात, असे गृहीत धरले जाते. लग्न, वणीच्या सप्तशृंगी गडाची यात्रा, दशक्रिया अशा प्रसंगी हौद्यात सतरंजी अंथरली जाते. द्राक्षबागांची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास सुरू झाली की सुरगाणा, पेठ, कळवण भागांतील मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे येतात. त्यांतील कितीतरी स्त्री-पुरुष पहाटेच्या अंधारात, लेकरे आणि भाकरीची गाठोडी घेऊन, अशाच वाहनांच्या हौद्यात उभे असतात. सावळघाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर उभ्या माणसांनी भरलेल्या गाडीचा तोल मालाने भरलेल्या गाडीसारखा राहत नाही. माल तळाशी बसतो आणि बांधता येतो. माणसांचे वजन उंचावर असते व वळणावर ते एका बाजूस झुकते. हौद्याला माणसांसाठी आसन नसते, पट्टा नसतो, डोक्यावर टप नसतो. गाडी कलंडली की माणसे बाहेर फेकली जातात.

अपघातानंतर जे घडते ते वाहनमालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि तो उतरविलेला असला म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असा समज असतो. मालवाहू वाहनाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू वाहनातून मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस विम्याचे संरक्षण दिले. मात्र फुकट बसवून घेतलेल्या किंवा भाडे देऊन बसलेल्या इतर प्रवाशांना ते लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिलेल्या निर्णयात स्पष्ट केले. याचा सरळ अर्थ असा की हौद्यातील दहा मजूर जखमी झाले किंवा मरण पावले, तर भरपाईची रक्कम वाहनमालकाच्या अंगावर येते. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीस ‘आधी द्या व नंतर मालकाकडून वसूल करा’ असे सांगतात. तेव्हाही शेवटी जमीन किंवा गाडी विकण्याची वेळ मालकावरच येते. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर मजुराचे कुटुंब निकालाचा कागद घेऊन बसते.

शेतीसाठी विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. खाजगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची मोटार भाड्याने प्रवासी नेण्यास वापरली तर परवान्याचा भंग होतो आणि विमा कंपनीला तेवढे कारण पुरते. वाहन चालविण्याच्या परवान्याविषयी मात्र एक गोंधळ मिटला आहे. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. पिकअप चालविणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा दिलासा आहे. पण हा दिलासा चालकापुरता आहे. हौद्यातील माणसांना त्याने काही मिळत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत हाच प्रश्न शाळेच्या व्हॅनच्या रूपाने येतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससंबंधी स्वतंत्र नियम अस्तित्वात आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे अपेक्षित आहे. पालकांनी परस्पर ठरविलेल्या गाडीशी शाळेचा संबंध नाही, अशी भूमिका घेतली जाते. परंतु फाटकापाशी उतरणारी मुले मोजण्यास समितीला कोणाची परवानगी लागत नाही.

सोय नसताना मनाई

मालवाहू वाहनातून माणसे नेऊ नयेत हे सांगणे सोपे आहे. कारवाई झाली की चार दिवस गाड्या आडवाटेने जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा घाटात दिसतात. कारण पहाटे पाच वाजता पाड्यावरून निघणारी दुसरी गाडीच नसते. या ठिकाणी वाहनाच्या निवडीचा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर पडून पंचायतीचा होतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास आहे. ज्या मार्गांवर फेरी आहे तेथील स्त्रियांना काळी-पिवळीपेक्षा एसटी स्वस्त पडते. जेथे फेरीच नाही तेथे सवलतीचा उपयोग नाही. हंगामाच्या काळात पहाटेची एक फेरी मागणारा ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकाकडे पाठविता येतो, आणि त्यासोबत मजुरांची अंदाजे संख्या व दिवस दिले तर त्या मागणीला वजन येते. महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घेता येते. ज्या बागाईतदारांना पन्नास माणसांची टोळी लागते त्यांनी दोघा-तिघांनी मिळून असा करार केल्यास दरडोई खर्च वाटतो तेवढा येत नाही. प्रवासी परवान्याची जीप ठरविली तर ती माणसे कमी नेते आणि भाडे अधिक घेते, हे खरे. परंतु तिच्यातील प्रवाशांचा विमा तिच्या नोंदलेल्या आसनक्षमतेपर्यंत असतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मर्यादा आहे. जुन्या रस्त्यांवर साठच्या वेगासाठी निवडलेल्या गाड्या आणि झिजलेले टायर घेऊन लोक त्यावर जातात. ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणारी भारतीय चाचणी पद्धती सुरू झाली असून गिऱ्हाईक आता ताऱ्यांची चौकशी करू लागले आहे. अ‍ॅव्हरेजच्या बरोबरीने हा प्रश्न विचारला जाऊ लागला, हा बदल शहरात दिसतो आणि मोठ्या बागाईतदारांतही दिसतो. पिकअपच्या बाबतीत मात्र तो विचारला जात नाही, कारण ज्यांचा जीव हौद्यात असतो ते गाडी विकत घेणारे नसतात.

प्रत्येक वाहनाच्या नोंदणी पुस्तकात आसनक्षमतेचा एक रकाना असतो. पिकअपच्या पुस्तकात तेथे बहुधा चालकासह दोन किंवा तीन हा आकडा असतो. ऑक्टोबरात छाटणी सुरू होण्यापूर्वी गावातील वाहनमालक आणि टोळ्यांचे मुकादम यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बोलावून तो रकाना एकदा मोठ्याने वाचून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात.